जुनी बारा बोर घ्यायची, विकायची की बदलायची? वऱ्हाड-झाडीपट्टीतल्या कास्तकारांसाठी पायरी पायरीने

एखाद्याकडची परवान्याची बारा बोर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक पडून आहे आणि त्याला ती काढायची आहे, ही बातमी गावात दोन दिवसांत फिरते. मग कोणी म्हणतं, "दहा हजार इसार देऊन टाक, कागद होत राहतील." कोणी सांगतं, "ठाणेदार ओळखीचा आहे." तिसरा तर बंदूक पोत्यात गुंडाळून तुमच्या वावरात आणून द्यायलाही तयार असतो. या तिघांचंही ऐकू नका. या व्यवहारात कागद आधी हलतात, पैसे मधे आणि बंदूक सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला, की चांगल्या घरातला माणूसही शस्त्र कायद्याचा आरोपी होऊन बसतो. मी स्वतः जुनी बंदूक घेतली आहे आणि नंतर घरातली एक विकलीही आहे. त्या फेऱ्यांत जे समजलं ते इथे क्रमाने लिहितो.

१. बंदूक नेमकी कशासाठी हवी, ते आधी ठरवा

आपल्याकडे दहातले नऊ जण रानडुक्कर आणि रोह्यांचं (नीलगायींचं) कारण सांगतात. कारण खरंच आहे. तुरीला शेंगा भरल्या किंवा हरभरा घाट्यावर आला, की एका रात्रीत अर्धा एकर साफ होतो, आणि जागल करून करून माणूस आजारी पडतो. पण बंदुकीचा परवाना आणि जनावर मारायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानडुक्कर असो की रोही, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायचं असेल तर त्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि तिचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा असतो. मारलेलं जनावर सरकारजमा होतं, त्याची वाटणी गावात करता येत नाही. ताडोबा, मेळघाट, टिपेश्वर, नागझिरा, बोर, पेंच अशा जंगलांच्या कडेला शेत असेल तर ही बाब आणखीच नाजूक.

म्हणजे परवानगीशिवाय तुमच्या बंदुकीचा शेतातला उपयोग आवाजापुरता. फक्त आवाजच हवा असेल तर फटाके आणि सौर कुंपण पुष्कळ स्वस्त पडतात, आणि नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडे वेगळा करता येतो. एवढं वाचूनही बंदूक हवीच असेल, एकटं शेतघर आहे म्हणून किंवा नेमबाजीची आवड आहे म्हणून, तर पुढे वाचा.

२. परवाना हातात नसेल तर बंदूक बघायलाही जाऊ नका

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक घेता येत नाही, जवळ बाळगता येत नाही. वय २१ पूर्ण लागतं. ग्रामीण भागात परवाना देणारे जिल्हाधिकारी, म्हणजे प्रत्यक्षात तुमचं काम जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. नागपूर आणि अमरावती शहराच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे.

अर्ज नमुना ए-१ मध्ये भरायचा. सोबत साधारण हे लागतं:

- वयाचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो
- सात-बारा आणि आठ-अ (पीकरक्षणाचं कारण देत असाल तर)
- डॉक्टरचं प्रमाणपत्र, त्यात मानसिक आरोग्याचाही उल्लेख हवा
- शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला
- बंदूक घरी सुरक्षित ठेवण्याची हमी
- नुकसानीचे पंचनामे, वनखात्याला आधी दिलेल्या अर्जांच्या पोच असतील तर त्या

शेवटच्या ओळीतले कागद यादीत कुठे सापडणार नाहीत, पण कारण पटवून द्यायला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पुढे पोलीस चौकशी होते. ठाण्यातून माणूस येतो, पोलीस पाटलाला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो. बांधाच्या वादावरून तुमच्यावर तक्रार असेल तर ती इथे वर येते. म्हणून धुऱ्यावरचं भांडण चालू असताना अर्ज टाकू नये, हे माझं मत.

एका गोष्टीचा फायदा घ्या. कायद्याच्या कलम १३ मध्ये, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्याला आणि पीकरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे भरमार मागणाऱ्याला वेगळं स्थान आहे. भरमार पुरी पडणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर पीकरक्षणासाठीही दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर होऊ शकते. पिस्तूल मागणाऱ्यापेक्षा बारा बोर मागणाऱ्याचं काम म्हणूनच थोडं सरळ असतं.

परवाना आला की तो शांतपणे वाचा. त्यावर शस्त्राचा प्रकार, काडतुसांचा कोटा, कोणत्या भागापुरता चालतो, कधीपर्यंत चालतो आणि शस्त्र कधीपर्यंत घ्यायचं, हे सगळं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत ५ वर्षांची झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. आधी ३ चालत होत्या. जुन्या घरांमधून आज बंदुका बाजारात येतात, त्याचं हे एक मोठं कारण.

३. बाजारात काय मिळतं, आणि बोल्टवाली कुठे बसते

आपल्या भागात जुन्या बाजारात मुख्य माल म्हणजे मोडून (नळी खाली वाकवून) भरायची एकनळी आणि दुनळी. ईशापूरच्या सरकारी कारखान्याच्या, जम्मूच्या, मुंगेरच्या, आणि मालगुजारांच्या वाड्यांतून निघालेल्या इंग्लिश. खासगी माणसाला परदेशी बंदूक आयात करण्याची वाट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे बाहेरची जी काही दिसते ती सहसा त्याआधीची.

बोल्टवाली बारा बोर, म्हणजे रायफलीसारखा दांडा मागे ओढून काडतूस भरायची, ही आपल्याकडे क्वचितच हाती लागते. अमेरिकेत मॉसबर्ग, मार्लिन अशा कंपन्यांनी ती स्वस्तातली बंदूक म्हणून भरपूर बनवली. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या माउझर रायफलींच्या नळ्या बदलून बारा आणि सोळा बोरच्या एकबारी (एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या) बंदुका निघाल्या, त्यांच्यावर 'गेहा' किंवा 'रेमो' असं नाव दिसतं. या जर्मन बदलीव बंदुकांमध्ये रायफलीचे पुढचे कुलपाचे दात (बार उडताना बोल्ट जागेवर धरणारे) काढून टाकलेले असतात आणि सगळा भार मागच्या एका दातावर येतो. शोभेला ठेवायला हरकत नाही. आजची भारी काडतुसं त्यातून उडवायला मी कोणाला सांगणार नाही.

घोटाळा होतो तो तीन गोष्टींत. पहिली, ईशापूरची .३१५ बोरची बोल्ट रायफल. दिसायला तशीच, पण ती रायफल आहे, नळीत पिळाच्या खाचा असलेली. तुमच्या परवान्यावर बारा बोर गन लिहिलं असेल तर ती चालत नाही. दुसरी, पोलिसांकडे असायची ती .४१० ची मस्केट, .३०३ च्या धर्तीवर बनवलेली, एकबारी, मॅगझिनच्या जागी लाकूड भरलेली. तिचं काडतूसही नेहमीच्या .४१० चं नाही. अशी "पोलीसवाली" कोणी दाखवली तर हात जोडून निघा. ती त्याच्याकडे कुठून आली, हा प्रश्न तुमच्या घरात यायला नको. तिसरी, परवान्यावरचे शब्द. परवान्यावर 'डीबीबीएल' (मोडून भरायची दुनळी) लिहिलेलं असताना एकनळी बोल्टवालीची नोंद होईल का, हे गृह शाखेत आधी विचारा, आणि तोंडी होकारावर थांबू नका.

माझं स्पष्ट मत: पहिली बंदूक म्हणून बोल्टवाली घेऊ नका. एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे काडतूस बाहेर ओढणारी चिमटी तुटली किंवा मॅगझिन हरवलं, की सुटा भाग मिळत नाही आणि मिस्त्री तो घासून घासून बनवतो. दुनळीचं तसं नाही, तिच्यावर हात बसलेला कारागीर अजून सापडतो. बोल्टवाली स्वस्त मिळतेय म्हणून भाळणाऱ्याने ती विकायला काढली तर कोण घेईल, याचा विचार आजच करावा.

४. नळीच्या आधी विकणाऱ्याचे कागद

घरी गेल्यावर चहा होईल, बंदूक समोर येईल, हात शिवशिवतील. थांबा. आधी परवाना मागा. मूळ परवाना, झेरॉक्स नाही. त्यात बघायचं:

युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक आहे का. तो नसलेला परवाना ग्राह्य नाही. मुदत चालू आहे का. बंदुकीची कंपनी, बोर आणि नंबर त्यात जसा लिहिला आहे तसाच बंदुकीवर कोरलेला आहे का. एका ठिकाणी मला दाखवलेल्या बोल्टवालीच्या बॉडीवरचा नंबर परवान्याशी जुळत होता, पण बोल्टवरचे आकडे वेगळेच होते आणि नळीवरचा एक आकडा कानसेने घासल्यासारखा चपटा झाला होता. घरवाल्याला याचा पत्ताच नव्हता, त्याच्या आजोबांपासून ती तशीच टांगलेली. माणूस खोटा नव्हता, तरी मी उठलो. नंबर खोडलेलं हत्यार म्हणजे कलम ८ चा प्रश्न, आणि ते प्रामाणिक माणसाकडून घेतलं तरी प्रश्न तोच राहतो.

नळी मोजायला टेप घेऊन जा. कोणी कधीतरी "हलकी व्हावी" म्हणून नळी कापून घेतलेली असते. परवान्याशिवाय नळी आखूड करणं कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि २० इंचांच्या खाली गेली तर ती तुमच्या परवान्यातच बसत नाही.

५. आता बंदूक हातात घ्या

सोबत काय न्यायचं: बारीक टॉर्च, साफ करायची कांडी, पांढरं फडकं, डमी काडतूस आणि शक्य असेल तर बंदुकीचा मिस्त्री. खरं काडतूस खोलीतही नको.

दुनळी असेल तर मोडून नळीतून उजेडाकडे बघा. आत उजेडाची गोल वलयं दिसतात. एखादं वलय वाकडं दिसलं तर तिथे पोचा आहे किंवा नळी फुगली आहे. फडकं फिरवल्यावर काळपट बारीक खड्डे उरले तर तो गंज आतपर्यंत खाल्लेला समजा. बंद करून नळ्या हलवा, खडखड नको. वाड्यातल्या जुन्या इंग्लिश बंदुकींच्या नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी असते, काळ्या दारूच्या जमान्यातली. ती कितीही देखणी असली तरी आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

बोल्टवालीला वेगळं बघावं लागतं. बोल्ट पूर्ण बाहेर काढा. कुलपाच्या दातांच्या कडा उडाल्या आहेत का, चकाकी एकाच बाजूला आहे का, ते टॉर्चने बघा. एकाच बाजूला चकाकी म्हणजे सगळा धक्का एकाच दातावर येतोय. परत बसवून बंद करा आणि दांडा हलवून बघा. थोडी ढील चालते, वाजायला लागली तर नाही. डमी भरून बोल्ट ओढा, काडतूस झटक्यात बाहेर पडायला हवं. बोट घालून काढावं लागलं तर चिमटी किंवा तिची स्प्रिंग गेली. मग रिकामी बंदूक चढवून सेफ्टी लावा, खटका ओढा, सोडा आणि सेफ्टी काढा. या क्षणी 'टक' असा आवाज आला तर सौदा संपला, कारण उद्या वावरात सेफ्टी काढताच ती आपोआप सुटेल.

मालकाकडे तिच्यातून उडालेली रिकामी काडतुसं असतील तर मागा. बुडाशी फुगलेली किंवा चिरलेली टरफलं चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेचं दुखणं सांगतात. चेंबरची लांबी नळीवर कोरलेली असते, अडीच इंच म्हणजे ६५ मिमी, पावणेतीन म्हणजे ७० मिमी. ६५ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस आत जातं, हाच धोका. ते उघडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. खुणा वाचता येत नसतील तर मिस्त्रीला मोजायला लावा.

शेवटी दस्ता, म्हणजे लाकडी भाग. मनगटाच्या ठिकाणी, हात धरतो तिथे, चीर आहे का बघा. बोल्टवाली हलकी असते आणि खांद्याला जोरात बसते, लाकूड तिथेच फाटतं. वॉर्निश नवं कोरं दिसलं तर नख फिरवा, खाली चीर लपलेली असू शकते.

भाव ठरवताना नागपूरच्या किंवा जवळच्या परवानाधारक डीलरकडे तशाच मालाचा भाव विचारून मगच आकडा बोला.

६. ४५ दिवस

दोन परवानाधारकांमध्ये थेट व्यवहार करायला कायद्याची मनाई नाही, डीलर लागतोच असं नाही. पण कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवावं लागतं: मी ही बंदूक या नाव-पत्त्याच्या माणसाला देणार आहे. कळवल्यापासून किमान ४५ दिवस झाल्याशिवाय बंदूक द्यायची नाही. मी दोन्हीकडे देतो, आणि दोन्हीकडची शिक्का मारलेली पोच घेतो. पोच नसेल तर दिवस कुठून मोजणार?

घेणारा दुसऱ्या जिल्ह्याचा असेल तर दोन्ही गृह शाखांमध्ये पत्रव्यवहार होतो, धीर धरा. या दिवसांत बंदूक विकणाऱ्याच्याच ताब्यात राहते. इसार दिलात तर बँकेतून द्या आणि साध्या करारात लिहा, की परवानगी नाकारली गेली तर रक्कम परत. बंदूक हाती आली की तिची परवान्यावर नोंद करून घ्या, आणि नोंद होईपर्यंत ती घेऊन शेतात फिरू नका.

इथेच एक सापळा आहे. शस्त्र कायद्यात 'हस्तांतरण' म्हणजे फक्त विक्री नाही. भाड्याने देणं, उसनी देणं, नुसती ताब्यात देणंही त्यात येतं. "आजची रात्र जागलीला दे ना भाऊ" हे म्हणणं जितकं साधं, तितकंच ते गुन्ह्यात बसणारं. पुतण्याला मिस्त्रीकडे पाठवायचं असेल तर त्याच्या खिशात तुमची सही असलेली लेखी परवानगी हवी.

७. अदलाबदल

माझी दुनळी घे, तुझी बोल्टवाली दे, वर इतके पैसे. गावात हा एकच सौदा दिसतो, कायद्यात ते दोन व्यवहार आहेत. दोन लेखी सूचना, दोन वेळा ४५ दिवसांची अट, आणि दोघांच्याही परवान्यावर समोरच्या शस्त्राचा प्रकार बसायला हवा. ज्याच्याकडे आधीच २ बंदुका आहेत त्याची एक निघाल्याशिवाय दुसरी चढत नाही. अशा वेळी दोन्ही बंदुका परवानाधारक डीलरकडे जमा करून त्याच्या हातून फिरवलेल्या सोप्या पडतात. डीलर सांभाळण्याचं भाडं घेतो, पण पावती देतो आणि त्याच्या वहीत तारीख राहते.

८. वडिलांची बंदूक

परवानाधारक गेला की त्याचा परवाना तुमचा होत नाही. खुंटीवर टांगलेली बंदूक तशीच ठेवणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं, आणि त्याला आता २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे. तेरवीच्या गडबडीतही हे विसरू नका: बंदूक विलंब न करता ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करा, पावती घ्या. मग वारसाच्या नावाने परवाना मागा. इतर वारसांची ना-हरकत शपथपत्रावर लागते, आणि भावाभावांत बोलणं नसेल तर इथेच गाडी अडते.

वडील हयात असतानाही हे होऊ शकतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल, त्यानंतर तो सांगेल त्या वारसाला परवाना मिळू शकतो. वाट बघण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुटसुटीत.

९. विकणाऱ्यासाठी दोन शब्द

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचे आदेश येतात. त्या काळात व्यवहाराच्या तारखा ठेवू नका. जमा करताना ठाण्याची पावती जपा, परत घेताना ठाण्यातच नंबर पडताळून घ्या, एकसारख्या दिसणाऱ्या बंदुकांची भिंतीला रांग लागलेली असते.

घेणाऱ्याचा मूळ परवाना तुम्हीही बघा. परवाना नसलेल्याला दिली तर कलम २५ खाली ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाणारा आरोप तुमच्यावर येतो, घेणारा तुमचा साळा असला तरी. आणि बंदूक कशाला हवी, याच्या उत्तरात "लग्नात दोन बार काढू" असं ऐकलंत तर तिथेच उठा. वरातीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घालणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे.

उरलेली काडतुसं बंदुकीसोबत "वर फुकट" देऊ नका. त्यांचाही हिशेब परवान्यावर असतो आणि ती घेणाऱ्याच्या कोट्यात बसावी लागतात. बंदूक गेली की तुमच्या परवान्यावरून तिची नोंद कमी करून घ्या, आणि नोंद कमी झालेल्या पानाची प्रत घेणाऱ्याच्या सहीच्या पावतीसोबत सात-बाराच्या फाईलमध्ये लावून ठेवा.